खिडकी बदला, पण हवा कोंडू नका!
पावसात ट्रॅकमधून घरात येणारे पाणी, रस्त्यावरची धूळ, हॉर्नचा आवाज... शहरातील जुन्या फ्लॅटच्या खिडक्या बदलायला एवढी कारणे पुरेशी आहेत. मात्र, खर्च करण्यापूर्वी दोष नेमका कुठे आहे, ते पाहा.

तपासणी कशी कराल?
पंखा आणि खिडकी बंद करून फटींजवळ पेटती उदबत्ती धरा. धूर जिथे हलतो, तिथून हवा येते. सरकत्या झडपांमध्ये फट असेल, तर झिजलेले रबर किंवा ब्रशपट्टी बदलून भागते. चौकट आणि भिंतीमधील फट सिलिकॉनने बुजवता येते. ट्रॅकमध्ये पाणी तुंबत असेल, तर आधी निचऱ्याची छिद्रे साफ करा. चौकटच वाकली किंवा सडली असेल, तर मात्र नवी खिडकी हवी.

धोका कुठे आहे?
यूपीव्हीसीच्या नव्या खिडक्या घट्ट बंद होतात, हा त्यांचा गुण. पण त्याच हौसेने बाथरूमची काचपट्ट्यांची खिडकीही बंद केली जाते. तिथे गॅस गिझर असेल, तर हा बदल जिवावर बेतू शकतो. हवा कमी पडली, की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. या वायूला ना रंग, ना वास. त्यामुळे आत असलेल्याला काही कळण्याआधीच शुद्ध हरपते.

म्हणूनच परवानगी देताना सोसायटीने खिडक्या बाहेरून एकसारख्या दिसतात का, एवढेच पाहू नये. गिझर कुठे आहे आणि हवा येणार कुठून, हे आधी विचारावे.