आपले आरोग्य : रखवालदार झोपला तर?

नेवासे तालुक्यातले शनिशिंगणापूर पुष्कळ वाचकांनी पाहिले असेल. तेथील घरांना परंपरेने कवाडे नाहीत. २०११ साली गावात बँक निघाली, तीही बिनकुलपाची. प्रत्यक्ष शनिदेवाचा पहारा असल्यावर चोराची काय बिशाद!

गेल्या वर्षी श्रावणात आमचे थोरले मेहुणे तेथे तेल वाहायला गेले. अंगाने सडपातळ, मधुमेह मात्र बारा वर्षांचा. रांगेत त्यांना दम लागला, दरदरून घाम फुटला. छातीत कळ म्हणून नाही. “पित्त झालंय,” म्हणत ते सोडा प्यायले. ताईने ऐकले नाही. तिने थेट नगरला इस्पितळात नेले. हृदयविकाराचा झटका होता!

न दुखता झटका कसा? वेदना हा शरीराचा रखवालदार. वर्षानुवर्षे वाढलेल्या साखरेने हृदयाकडचे मज्जातंतू बोथट होतात आणि मग हा रखवालदार ऐन वेळी झोपतो. म्हणून मधुमेह्याला अकारण दम, घाम, मळमळ किंवा ग्लानी आली, तर पित्ताची वाट पाहू नये. १०८ ला फोन करावा.

आता चोराकडे वळू. शरीर इन्शुलिनला दाद देईनासे झाले, की मेद सुटून यकृताकडे येतो आणि यकृत ट्रायग्लिसराइड रक्तात ओतू लागते. उपकारक एचडीएल घटते. एलडीएलचे कण बारीक व घट्ट होतात आणि रोहिणीच्या अस्तरात शिरून साचतात. गंमत अशी, की एलडीएलचा आकडा कागदावर बेताचाच दिसतो!

“पण हे तर काटकुळे!” ताई म्हणाली. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांचे एक छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये आले होते. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे. परंतु शरीरातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२! आपला सडपातळपणा असा फसवा असतो.

उपाय आहेत. त्याच वर्षी ब्रिटन-आयर्लंडमधील २,८३८ मधुमेह्यांवरील प्रयोगाचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. त्यांना आधी हृद्रोग नव्हता, एलडीएलही फार नव्हते. तरी रोज १० मिलिग्रॅम अॅटोर्व्हास्टॅटिन घेणाऱ्यांत हृदयाचे व मेंदूचे मोठे झटके ३७ टक्क्यांनी कमी झाले. तेव्हा वर्षातून एकदा साखरेबरोबर चरबीचीही तपासणी करावी, रक्तदाब आवाक्यात ठेवावा, तंबाखू सोडावी, रोज चालावे. गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावी. आणि बरे वाटते म्हणून मनाने बंद करू नये.

मेहुणे आता बरे आहेत. गेल्या भाऊबीजेला ताईने निरांजन हाती घेतले आणि ओवाळण्याआधीच मला दटावले, “तुलाही साखर आहे ना रे? चरबी तपासलीस का कधी?” मी गप्प. दुसऱ्याच सकाळी उपाशीपोटी रक्त देऊन आलो.

वाचकहो, शनिदेवाला तेल सढळ हाताने वाहा. आपल्या कढईत मात्र मोजून घाला!