तिकीट कोणत्या गल्ल्यातून?

जानेवारी २०२५ मध्ये नवी मुंबईत नेरूळ येथील डी. वाय. पाटील स्टेडियमवर ‘कोल्डप्ले’ या ब्रिटिश गायक-वादकांच्या संचाचे तीन कार्यक्रम झाले. त्यांची तिकिटे २२ सप्टेंबर २०२४ रोजी बुकमायशोवर विक्रीस आली, तेव्हा सर्वांत स्वस्त तिकीट २,५०० रुपयांचे होते, वरच्या श्रेणीचे १२,५०० रुपयांचे आणि लाउंजमधील ३५,००० रुपयांचे. त्या दिवशी एक कोटीहून अधिक लोक मोबाईलवर आणि संगणकावर रांगेत होते. तिकिटे बघता बघता संपली आणि मग तीच तिकिटे दुसऱ्या संकेतस्थळांवर कित्येक पटींनी, काही तर लाखांच्या भावाने दिसू लागली. प्रकरण मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेपर्यंत गेले. असा काळाबाजार रोखण्यासाठी नियम व्हावेत म्हणून मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली. कायदा करणे हे विधिमंडळाचे व सरकारचे काम आहे, असे सांगून न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये ती फेटाळली.

या प्रकाराकडे आपल्या समाजात दोन तऱ्हांनी पाहिले गेले. वडीलधाऱ्यांनी म्हटले, गाणे-बजावणे आहे, आपला काय संबंध, विषय संपला. घरातल्या तरुण मुलांनी काही म्हटले नाही. त्यातले काही त्या रांगेत होते. भेंडीबाजारातल्या, भिवंडीतल्या, मुंब्र्यातल्या, पुण्याच्या कॅम्पातल्या व्यापाऱ्यांची मुले इतरांच्या मुलांसोबत एकाच कॉलेजात शिकतात, एकाच मोबाईलवर तीच जाहिरात पाहतात. विषय संपला असे म्हटल्याने तो संपत नाही. संगीताच्या शरई हुकमाची चर्चा उलेमांनी करावी, तो त्यांचा अधिकार आहे. हे पान व्यापाराचे आहे. येथे प्रश्न पैशाचा आहे, आणि तो कोल्डप्लेपुरता नाही.

आधी भावाचे बघू. या मालाची तारीख एक, जागा एक आणि नग मोजके. अशा मालाचा भाव त्याला लागलेल्या खर्चावर ठरत नाही, गिऱ्हाइकाच्या घाईवर ठरतो. आपल्यातल्या कोणत्याही दुकानदाराला हे शिकवावे लागत नाही. चाँदरातीला रात्री बारा वाजता जी बांगडी, जी चप्पल, जो कुर्ता विकला जातो, त्याचा भाव दहा दिवस आधी काय होता हे विकणाऱ्यालाही ठाऊक असते आणि घेणाऱ्यालाही. तरी घेणारा घेतो, कारण सकाळी ईदची नमाज आहे.

पण नेरूळच्या बाबतीत ही घाईसुद्धा पुरती खरी नव्हती. सुरुवातीला दोन कार्यक्रम होते, मागणी पाहून २१ जानेवारीचा तिसरा जोडला गेला. पुढे नोव्हेंबर २०२४ मध्ये अहमदाबादच्या कार्यक्रमांची घोषणा झाली. लाखाहून अधिक प्रेक्षक मावतील अशा नरेंद्र मोदी स्टेडियमवर २५ आणि २६ जानेवारीला ते झाले. त्यातला २६ तारखेचा कार्यक्रम डिस्ने प्लस हॉटस्टारवर थेट दाखवला गेला. ज्याने सप्टेंबरात दुप्पट-चौपट मोजून तिकीट घेतले, त्याने गाण्याचे पैसे मोजले नाहीत, घाईचे मोजले.

फेरविक्री करणाऱ्यांविषयीही एक गोष्ट नोंदवून ठेवतो. स्वतः जायचे नसताना तिकिटे उचलायची आणि चढ्या भावाने सोडायची, यात आपलेही काही हुशार तरुण होते असे बाजारात बोलले गेले. गरजेचा माल अडवून भाव चढवणे हा इहतिकार, आणि तिकीट काही गरजेची वस्तू नाही, तेव्हा इथे तो नियम लागत नाही, असा युक्तिवाद कोणी करील. करो. परंतु जी वस्तू आपल्याजवळ नाही ती विकू नये, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची ताकीद स्पष्ट आहे. हातात तिकीट नसताना ते ‘मिळवून देतो’ म्हणून आगाऊ रक्कम घेणे हा धंदा नव्हे. बनावट तिकिटांपासून सावध राहण्याचा इशारा खुद्द बुकमायशोलाही ग्राहकांना द्यावा लागला होता.

आता मुख्य मुद्दा. चौघांचे कुटुंब १२,५०० च्या श्रेणीत गेले असे धरा. तिकिटांचे ५०,००० रुपये झाले. येण्याजाण्याचे, खाण्याचे, राहण्याचे वेगळे. पगारदार माणसाच्या दृष्टीने ही रक्कम म्हणजे पगाराचा एक भाग. तो पुढच्या महिन्यात काटकसर करील आणि पहिल्या तारखेला पगार पुन्हा येईल. व्यापाऱ्याचे तसे नाही. किराणा दुकानात सर्व खर्च वजा जाता शंभराला चार रुपये उरतात असे मानले, तर ५०,००० उरण्यासाठी साडेबारा लाखांचा माल विकावा लागतो. शर्टाची शिलाई ४०० रुपये धरली, तर एका तिकिटासाठी शिंप्याला बत्तीस शर्ट शिवावे लागतात, आणि त्यात धागा, बटण, वीज, गाळ्याचे भाडे अजून काढलेले नाही.

हेही खरे नुकसान नाही. खरे नुकसान खेळत्या भांडवलाचे. कापडाच्या छोट्या व्यापाऱ्याने ५०,००० रुपये मालात गुंतवले, फेऱ्याला पाच टक्के सुटले आणि वर्षात आठ फेरे झाले, तर ते ५०,००० त्याला वर्षाला २०,००० देतात. म्हणजे ही रक्कम मालातून काढून कुठेही खर्च केली, मग ती स्टेडियमवर असो की लग्नाच्या लॉनवर, तर ५०,००० गेलेच. त्याशिवाय या वर्षीचे २०,००० गेले, पुढच्या वर्षीचेही गेले, ते भांडवल परत उभे राहीपर्यंत जातच राहणार. मग सीझन तोंडावर आला की तोच व्यापारी सूत किंवा कापड चार पैसे जास्त देऊन उधारीवर उचलतो. मंदी आली म्हणतो. बाजारात मंदी असतेही, नाही असे नाही. पण काही मंदी घरातूनच निघते.

पूर्वी यावर एक साधा पहारा होता. गल्ल्यातून पैसे काढायचे म्हणजे ड्रॉवर उघडावा लागे, नोटा मोजाव्या लागत, शेजारी बसलेला भाऊ किंवा मुनीम पाहत असे. २०१६ नंतर यूपीआय आले आणि दुकानाच्या दारात क्यूआर कोड लागला. सोय मोठी झाली, सुट्ट्याची कटकट गेली. मात्र बहुतेक लहान दुकानदारांनी तो कोड ज्या खात्याला जोडला, त्याच खात्यातून घरचे वीजबिल जाते, मुलीची फी जाते आणि मुलाच्या हातातील फोनवरून तिकीटही जाते. त्या खात्यात दिसणारी रक्कम आपली नसते. तीत सूतवाल्याचे असते, घाऊक व्यापाऱ्याचे असते, शनिवारी कारागिरांना द्यायची मजुरी असते. मुलाला पडद्यावर दोन लाख दिसतात. त्याला वाटते अब्बांकडे दोन लाख आहेत. त्याचा दोष नाही, त्याला कोणी सांगितलेलेच नाही की त्यातले आपले फार तर पंधरा हजार आहेत.

क्रेडिट कार्डावर घेतले तर गोष्ट आणखी वाईट. वेळेत न फेडलेल्या रकमेवर महिन्याला तीन-साडेतीन टक्के लागतात, वर्षाला ते चाळीसच्या घरात जाते. व्याजाविषयी या साप्ताहिकाच्या वाचकांना वेगळे सांगण्याची गरज नाही.

इथपर्यंत वाचून ज्यांना समाधान वाटले असेल की आमच्या घरी कोल्डप्ले नाही, त्यांनी थोडे थांबावे. आमच्या घरी लग्न आहे. त्या लग्नाचे तिकीट कितीचे असते? हॉल हवा रविवारचाच, आणि शव्वालमधल्या रविवारचा. म्हणजे पुन्हा तीच गोष्ट, तारीख एक आणि नग मोजके, हॉलवाला सांगेल तो भाव. निकाह मस्जिदीत दहा मिनिटांत होतो, त्याला जवळजवळ काही खर्च नाही. मग मेहंदी, मग हळद, जी आपल्या आजोबांच्या काळात आपल्या अनेक घरांत नव्हतीच, मग मुलीकडचे जेवण, मग वलीमा, मग व्हिडिओवाला, आणि आता ड्रोनवाला. दोन मागांचा मालक सहा लाखांचे लग्न करतो आणि दुसऱ्या वर्षी एक माग विकतो. संगीताच्या तिकिटाला उधळपट्टी म्हणायचे आणि याला इज्जत म्हणायचे, हा हिशेब मला पटत नाही. माग विकून तिकीट काढल्याचे मी तरी ऐकलेले नाही.

उमऱ्याचेही बोलले पाहिजे, जरी ते बोलणे कोणाला आवडणार नाही. पहिला उमरा, आई-वडिलांना घेऊन केलेला उमरा, अल्लाह सर्वांना नसीब करो. पण जो व्यापारी दरवर्षी माणशी लाखाच्या आसपास खर्च करून नफिल उमऱ्याला जातो आणि ज्याच्या कारखान्यात जरीकाम करणाऱ्या बिहार-बंगालच्या कारागिरांची दोन-दोन महिन्यांची मजुरी थकलेली आहे, त्याने आपल्या इमामसाहेबांना विचारावे की आधी काय येते. मजुराचा घाम वाळण्याआधी त्याचा मोबदला देण्याची शिकवण आपण जुम्याच्या बयानात ऐकतो. नफिल आणि वाजिब यांतला फरकही तिथेच ऐकतो.

म्हणून तिकीट महाग की स्वस्त हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. ते कोणाच्या पैशातून निघाले, हा पहिला. कारागिराची मजुरी, माल देणाऱ्याची उधारी, जागेचे भाडे, सरकारी कर आणि वर्ष भरले असेल तर जकात, हे सर्व बाजूला काढल्यावर जे उरते त्यातले काही पुन्हा मालात गेले पाहिजे. त्यानंतर घराचा हिस्सा. हा हिस्सा मालकाने महिन्याच्या सुरुवातीला ठरवून घरच्या वेगळ्या खात्यात टाकावा, पगार दिल्यासारखा. दुकानाचे चालू खाते वेगळे, क्यूआर कोड त्यालाच जोडलेला, आणि त्याचा पासवर्ड मुलांच्या फोनमध्ये नाही. बँकेत एक अर्ज द्यावा लागतो. पानवाल्यापासून कापडवाल्यापर्यंत कोणालाही जमण्यासारखे हे काम आहे, आणि दहापैकी आठ दुकानांत ते झालेले नसेल अशी माझी समजूत आहे.

घराच्या त्या हिश्शातून कुटुंबाने काय करावे, यात मी फार हात घालणार नाही. कुराणाने सूरह फुरकानमध्ये खर्चाची मधली वाट सांगितली आहे. तिच्या एका बाजूला उधळपट्टी आहे, तशी दुसऱ्या बाजूला कंजुषीही आहे. आपल्याकडे कंजुषीची बाजू कोणी वाचून दाखवत नाही. वर्षभर सकाळी नऊ ते रात्री दहा गाळ्यात बसणारा माणूस मुलाबाळांना घेऊन चार दिवस महाबळेश्वरला गेला, अजिंठा-वेरूळ दाखवून आला, मुलीला शिलाईच्या यंत्राऐवजी तिला हवा तो कॅमेरा घेऊन दिला, तर त्यात गैर काय? घरात मशवरा करून, रक्कम आधी ठरवून केलेला खर्च माणसाला नंतर टोचत नाही. बायकोला या मशवऱ्यातून वगळू नये. घराचा खर्च ती चालवते आणि कुठे दोनशे वाचतात ते तिलाच कळते.

आणि मुलगा? तो दुकानात बसतो, किंवा शिकता शिकता कुठे काम करतो, त्याचे स्वतःचे काही पैसे जमलेले असतात. तो म्हणेल, माझ्या कमाईतून जातो, तुमच्या गल्ल्याला हात लावत नाही. त्याच्याशी दीनच्या अंगाने बोलायचे ते बापाने बोलावे, शांतपणे बोलावे. पैशाच्या अंगाने मात्र त्याचे म्हणणे आपल्यातल्या कित्येक मोठ्या व्यापाऱ्यांच्या वागण्यापेक्षा सरळ आहे. त्याला एवढेच विचारावे, की तिकीट मूळ विक्रीच्या भावाने मिळते आहे की फेरविक्रीच्या. फेरविक्रीचे असेल तर अहमदाबादचे वेळापत्रक त्याच्यासमोर ठेवावे. शिवाय दुकानातून त्याला दरमहा ठराविक पगार मिळतो का, हे बापाने आपल्याच वहीत पाहावे. बऱ्याच दुकानांत सख्ख्या मुलाला पगार नसतो, तो लागेल तसे गल्ल्यातून घेतो, आणि वहीत त्याची नोंद नसते.