वाऱ्याशी पैज नको

पतंग म्हटला की आपल्याला संक्रांत आठवते. पण समुद्रकिनारी आता माणसालाच ओढून नेणारे पतंग आले आहेत. त्या खेळाला काइट सर्फिंग म्हणतात. पायाखाली फळी, कमरेला पट्टा, पट्ट्याला वीस-पंचवीस मीटर लांबीच्या दोऱ्या आणि त्यांच्या टोकाला नऊ ते बारा चौरस मीटरचा पतंग, म्हणजे आपल्या एका खोलीएवढे कापड! गोव्यात मोरजीमच्या किनाऱ्यावर हा खेळ चालतो. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्येही तो होता.

पैसेवाल्यांच्या या खेळाशी कासूच्या कष्टकरी माणसाचा काय संबंध, असे कोणी विचारील. पण कासूहून वडखळमार्गे अलिबाग लांब नाही. वरसोली, नागाव, काशीद, मुरूड येथे पर्यटक वाढले, तसे दोरी धरायला, बोटीवर मदतीला तरुण मुले लागू लागली. पर्यटक चार घटका खेळून जातो. दोरीपाशी दिवसभर उभा राहतो तो कोणाचा तरी कमावता मुलगा. म्हणून हा विषय घरात बोलण्याचा आहे, असे आम्हाला वाटते.

वाऱ्याचा एक हिशेब मुलांना जरूर सांगावा. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याची ओढ दुप्पट होत नाही, चौपट होते. वेग तिप्पट झाला तर ओढ नऊपट! ताशी वीस किलोमीटरच्या वाऱ्यात जो पतंग हाताला ऐकतो, तोच साठ किलोमीटरच्या झोतात माणसाला उचलून आपटतो. ऑगस्ट २००८ मध्ये अमेरिकेत फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर फे नावाचे वादळ येत असताना एक तरुण असा पतंग घेऊन उतरला. वाऱ्याने त्याला उचलले, वाळूवर आपटले आणि रस्त्यापलीकडच्या इमारतीवर नेऊन आदळले. जबर जखमी झाला, पण जीव वाचला.

आणखी एक गोष्ट. वादळी ढगातून थंड हवा खाली कोसळते आणि पावसाच्या पुढे धावते. म्हणून पहिला झोत पावसाच्या आधी येतो. ‘पाऊस सुरू झाला की आवरू’ म्हणणारा तेथेच फसतो. आभाळ काळवंडले, वारा एकाएकी पडला किंवा फिरला, अंगाला गार झुळूक लागली, की खेळ बंद. गडगडाट कानी आला तर वीजही जवळच आहे. मग पाण्यात, उघड्या वाळूवर किंवा झाडाखाली थांबू नये. पक्क्या घरात जावे. सकाळचा मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. तोही फसवा, कारण तो माणसाला आत नेतो.

आपल्या जिल्ह्यातही अपघात झाले आहेत. मे २०१९ मध्ये मुरूडला पॅरासेलिंगची दोरी तुटून पुण्याचा एक शाळकरी मुलगा दगावला. नोव्हेंबर २०२१ मध्ये वरसोलीला अशीच दोरी तुटली आणि दोन महिला समुद्रात पडल्या. त्यांच्या अंगात लाइफ जॅकेट होते, त्या वाचल्या.

किनाऱ्यावर कामाला जाणाऱ्या मुलाला आईबापांनी चार प्रश्न विचारावेत. मालकाकडे महाराष्ट्र सागरी मंडळाचा परवाना आहे का? दोऱ्या कधी बदलल्या? तुझ्या स्वतःच्या अंगात जॅकेट असते का? आणि वारा वाढला तर खेळ थांबवा, असे म्हणायची तुला मुभा आहे का? शेवटच्या प्रश्नाला ‘नाही’ असे उत्तर आले, तर ते काम धोक्याचे समजावे. एका दिवसाची मजुरी बुडाली तर घर कसेबसे चालते. कर्ता मुलगा गेला तर घर बसते.

हाच नियम आपल्या छपरालाही लागू आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. किती घरांचे पत्रे उडाले, हे वाचकांनी डोळ्यांनी पाहिले आहे. ताडपत्री किंवा सुटलेला पत्रा म्हणजेही एक पतंगच. फक्त त्याला दोरी नसते, माणसाचे हात असतात. वादळात छपरावर चढून तो धरू पाहणारा माणूस पत्र्याबरोबर खाली येतो. पत्र्यांचे हूक, दोऱ्या, ताडपत्री यांची पाहणी मे महिन्यातच उरकावी. वारा सुटल्यावर कोणीही वर चढू नये. हातातला पत्रा ओढू लागला तर सोडून द्यावा. पत्रा नवा आणता येतो.

हवामान खात्याचा इशारा रेडिओ, टीव्ही आणि मोबाइलवर मिळतो. विजेची पूर्वसूचना देणारे ‘दामिनी’ हे अॅप पुण्याच्या सरकारी संस्थेने तयार केले आहे. घरातल्या शिकत्या मुलीकडे हे काम सोपवावे. तिने सकाळी इशारा वाचून दाखवावा आणि ‘आज जाऊ नका’ म्हटले, तर वडीलधाऱ्यांनी ते ऐकावे.