मूल हट्टी, मारकुटे झाले आहे? आर्ट थेरपीची फी भरण्याआधी हे वाचा

"डॉक्टर, पोरगा शाळेत रोज मारामाऱ्या करतो. आर्ट थेरपी लावू का?" इतवारीतल्या माझ्या दवाखान्यात हा प्रश्न आता वरचेवर येतो. शिबिरांच्या जाहिरातींमुळे हा शब्द घरोघरी पोहोचला आहे. त्याचा अर्थ मात्र पोहोचलेला नाही.

ड्रॉइंग क्लास म्हणजे आर्ट थेरपी नव्हे

क्लासमध्ये चित्र चांगले काढायला शिकवतात. थेरपीत चित्र सुंदर असण्याची गरजच नसते. राग, भीती शब्दांत सांगता न येणारे मूल रंग, माती, मुखवटे यांतून ती बाहेर काढते आणि प्रशिक्षित थेरपिस्ट त्या आधारे त्याच्याशी बोलतो. मुलाने काळा रंग वापरला म्हणजे ते उदास आहे, असे चित्रावरून निदान होत नाही.

कायदा काय म्हणतो?

सहयोगी आरोग्य व्यावसायिकांसाठीच्या २०२१ च्या केंद्रीय कायद्याच्या यादीत आर्ट थेरपिस्टचाही उल्लेख आहे. पण पाटी लावणारा प्रत्येक जण प्रशिक्षित असतोच असे नाही. शिक्षण कुठे झाले, मुलांसोबत किती काम केले, हे स्पष्ट विचारा.

आधी कारण शोधा

चिडचिडीमागे कमी ऐकू येणे, अपुरी झोप, रक्ताची कमतरता, वाचन-लेखनातील अक्षमता, एडीएचडी, शाळेतला छळ किंवा घरातला मार असू शकतो. हे न तपासता थेरपी सुरू केली, तर महत्त्वाचे महिने वाया जातात. आक्रमक वागणुकीवर आर्ट थेरपीचा पुरावा अजून मर्यादित आहे. लहान मुलांसाठी पालकांच्या प्रशिक्षणाचा पुरावा अधिक भक्कम आहे. म्हणून आर्ट थेरपी मुख्य उपचारांना जोड म्हणून घ्या, त्यांच्याऐवजी नको.

मदत कुठे?

इतवारीकरांना मेयोचा मानसोपचार विभाग जवळ आहे. टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत सल्ला मिळतो. मूल स्वतःला इजा करत असेल किंवा मरणाबद्दल बोलत असेल, तर त्याला एकटे सोडू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

घरी काय कराल?

तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल मुलासोबत बसून रंगवा. चुका काढू नका, शेजारच्या मुलाच्या बैलाशी तुलना करू नका. ही थेरपी नाही. पण रागावल्याशिवाय आईबाबा शेजारी बसले, हे मुलाच्या लक्षात राहते. कधीकधी शाळेतली खरी गोष्ट ते तेव्हाच सांगते.