पूल एकदा खालून बघा!

पणजीचा मांडवीवरचा पूल ५ जुलै १९८६ रोजी कोसळला, तेव्हा तो जेमतेम सोळा वर्षांचा होता. गुजरातेत महिसागर नदीवरचा गंभीरा पूल ९ जुलै २०२५ला वाहनांसकट खाली गेला, तो १९८५चा. काँक्रीटचा पूल बांधला की शंभर वर्षं बघायला नको, हा भ्रम आता तरी सोडूया.

आपल्या कोकणातल्या खाडीपुलांना तर खारा वारा क्षणभर उसंत देत नाही. मीठ काँक्रीटमध्ये मुरतं, सळईपर्यंत पोचतं आणि सळई गंजू लागते. गंजाला लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, म्हणून तो काँक्रीटला आतून रेटतो. आधी सळईच्या रेषेत बारीक भेग, मग तांबूस ओघळ, शेवटी पोपडा सुटून उघडी पडलेली सळई. वरून गाडी नेणाऱ्याला यातलं काही दिसत नाही. जाणकार अभियंता खाली उतरून गर्डरवर हातोडी ठोकत जातो. धड काँक्रीट खणखणीत वाजतं, सुटलेलं बद्द.

अशा जागी नुसता गिलावा फासणं म्हणजे दुखणं झाकणं. सुटलेलं काँक्रीट सळईच्या मागेपर्यंत फोडून काढायला हवं, गंज खरवडायला हवा, झिजलेल्या सळईला जोड द्यायला हवी, मगच नवा थर. तुंबलेली पाण्याची भोकं मोकळी करायला हवीत, निकामी बेअरिंग बदलायला हवेत. डांबरावर डांबर चढवत गेलं की पुलाच्या उरावरचं ओझं तेवढं वाढतं. प्रीस्ट्रेस्ड, म्हणजे आतून ताणलेल्या केबलनी आवळलेल्या पुलात तर त्या केबल आतल्या आत गंजतात. १९७३चा वाशीचा पहिला खाडीपूल त्यानेच खंगला आणि १९९७मध्ये शेजारी दुसरा उभारावा लागला.

म्हणून मित्रहो, यंदा पाऊस ओसरला की ग्रामसभेत आपल्या पुलाचा विषय काढा. शेवटची तपासणी कधी झाली, अहवालात काय निघालं, त्यातलं काम किती झालं, हे सार्वजनिक बांधकाम विभागाला लेखी विचारा. उत्तर नाही आलं तर माहिती अधिकारात अर्ज करा. गावातल्या निवृत्त अभियंत्यांनो, तुमची नजर गावाला हवी आहे, पुढे या. पुलाजवळ वाळूउपसा चालू असेल तर तक्रार नोंदवा; खांबाचा पाया त्यानेही उघडा पडतो.

आणि दुरुस्तीसाठी पूल महिनाभर बंद ठेवावा लागला, एसटी लांबून फिरली, तर कुरकुर करू नका. त्या कामाच्या पाठीशी उभे राहा.