सात-आठ थेंब पुरेत

विडी कंपनीच्या ब्रांचमध्ये विड्या देऊन घरी आलेल्या बाईची मान संध्याकाळी लाकडासारखी झालेली असते. हजार विड्या वळायच्या म्हणजे दिवसभर मान खाली आणि नाकात तंबाखूचा खकाणा. आपल्या सोलापुरात कुंभारीच्या वसाहतीत काय, विडी घरकुलात काय, दुखणं तेच. हल्ली तिच्याही मोबाइलवर लव्हेंडर, टी-ट्री तेलांच्या जाहिराती येतात. झोप, पाळी, केस, वजन, सगळ्यावर एकच बाटली!

बायांनो, सुगंधी तेलं खुशाल वापरा, पण हात आखडून. अरोमाथेरपी हा शब्द फ्रान्सच्या गॅटफॉसे नावाच्या रसायनतज्ज्ञाने 1937 साली पुस्तकाच्या नावात घातला. तव्यावर ओवा भाजून पुरचुंडीने शेकणं आपल्याकडे त्याच्या कितीतरी आधीचं.

बाटलीतले हे अर्क कधीच नुसते अंगाला लावू नका. पाव वाटी करडईचं किंवा तिळाचं तेल कोमट करा, त्यात निलगिरीचे सात-आठ थेंब टाका. आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून एक दिवस थांबा. खाज, लाली नसेल तर मान-खांदे चोळून घ्या, जमलं तर लेकीकडून. आराम वासाने किती आणि चोळणाऱ्या हाताने किती? मला विचाराल तर हाताने जास्त. लिंबाचं तेल लावून मात्र उन्हात जाऊ नका. आपल्या सोलापूरच्या उन्हात कातडी भाजून निघेल.

मीही एकदा शहाणपणा केला होता. सर्दी झाली म्हणून वाफेच्या पातेल्यात पुदिन्याच्या फुलाचा चांगला हरभऱ्याएवढा खडा टाकला. डोक्यावरचा टॉवेल भिरकावून मोरीकडे पळाले, अर्धा तास डोळे उघडेनात. दम्याच्या बाईला तर अशा उग्र वासाने धापही लागू शकते.

लव्हेंडरच्या वासाने मन थोडं निवतं, असं काही अभ्यासांत दिसलंय. तेवढंच. पाळीत तासाभरात पॅड भिजत असेल, दुखण्याने उठवत नसेल, तर बाटली बाजूला ठेवा आणि सिव्हिलला जा. गरोदर असाल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीच नको. आणि शंभर रुपयांत गुलाबाचं ‘शुद्ध’ तेल मिळालं तर ओळखा: किलोभर अर्काला तीन-चार हजार किलो पाकळ्या लागतात.

यातलं काहीही पोटात घेऊ नका. निलगिरी किंवा कापूर पोटात गेल्याने झटके येऊ शकतात. लहान मुलाला थोडासाही पुरतो. बाळाच्या नाकाला, छातीलाही हे चोळू नका. आज दिवाबत्ती करताना देवघरात नीट बघा. कापराची वडी आणि खडीसाखर बहुतेक एकाच ताटलीत असेल. कापूर उचलून वरच्या फळीवर, झाकणाच्या डबीत ठेवा.