बंब आला, पण आग कुठे आहे?

अग्निशमन दल म्हटले की लाल बंब, घणघणती घंटा आणि धुराचे लोट डोळ्यांसमोर येतात. अमेरिकेत मात्र हे चित्र केव्हाच मागे पडले आहे. तिथल्या राष्ट्रीय अग्निसंरक्षण संस्थेच्या आकडेवारीनुसार १९८० साली देशभरातल्या अग्निशमन दलांना सुमारे १ कोटी ८ लाख वेळा धावावे लागले. त्यांत आगी ३० लाखांच्या आसपास होत्या. २०२० साली ही धावपळ ३ कोटी ६४ लाखांवर गेली आणि आगी मात्र १४ लाखांवर उतरल्या. तीनपैकी दोन वेळा जवान धावतो तो आजाऱ्यासाठी.

असे का झाले? आपल्याकडे आगीसाठी १०१ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८. तिथे साऱ्या संकटांना ९११ हा एकच क्रमांक. शिवाय अग्निशमन केंद्र वस्तीला लागून आणि चोवीस तास जागे. सिएटल शहराने १९७० सालीच आपल्या जवानांना हृदयविकाराच्या झटक्यावरचे प्रथमोपचार शिकवून रुग्णाच्या दारी धाडले. त्यातून अनेकांचे प्राण वाचले. पण झटक्यासाठी धावणारी ही माणसे हळूहळू साऱ्याच दुखण्यांना बोलावली जाऊ लागली. एकटी आजी न्हाणीघरात पडते, कुणा मधुमेह्याचे औषध संपते, बेघराचा पाय सुजतो. फोन जातो ९११ लाच. १९८६ च्या कायद्यानुसार रुग्णालयाच्या तातडीच्या विभागाला, खिशात पैसे असोत वा नसोत, दारी आलेल्याला तपासावेच लागते. ज्याला नेहमीचा डॉक्टर नाही, त्याला हेच एक दार उघडे.

मग फोन येण्याआधीच त्या घरी का जाऊ नये? वॉशिंग्टन राज्याने २०१३ साली कायदा करून अग्निशमन दलांना ही मुभा दिली. वारंवार फोन करणाऱ्यांना हेरायचे, घरी जाऊन त्यांची विचारपूस करायची आणि योग्य दवाखान्याशी वा सेवेशी त्यांची गाठ घालून द्यायची, असे हे काम. सिएटलमध्ये २०१९ साली ‘हेल्थ वन’ पथक सुरू झाले. त्यात दोन जवान आणि जोडीला एक समाजसेवक. घसरणारी सतरंजी उचलणे किंवा न्हाणीघरात आधाराचा दांडा बसवून घेणे ही कामे किरकोळ वाटतील. पण म्हातारपणी मोडलेले खुब्याचे हाड किरकोळ नसते.

खरी अडचण पैशाची आहे. ज्येष्ठांसाठीची सरकारी विमायोजना ‘मेडिकेअर’ रुग्णवाहिकेचे पैसे देते ते सहसा रुग्णाला रुग्णालयात नेले तरच. न नेता घरीच उपचार केले, तर दलाच्या हाती काही पडत नाही. हा नियम बदलून पाहणारा केंद्र सरकारचा प्रयोग २०२१ साली सुरू झाला आणि अपेक्षेइतका प्रतिसाद न मिळाल्याने २०२३ अखेरीस, मुदतीपूर्वीच, गुंडाळला गेला. म्हणजे खर्च करायचा गावाच्या तिजोरीने आणि बचत व्हायची विमायोजनेची! अशा वेळी गावाच्या अंदाजपत्रकाला ओढ लागली की कात्री आधी कशावर चालणार, हे सांगायला नकोच.

जवानांनी हे काम करावे की नाही, हा वादाचा मुद्दा नव्हे. लोकांचा त्यांच्यावर विश्वास आहे आणि दारही त्यांच्यासाठी चटकन उघडते. परंतु आजार टाळणाऱ्याला मोबदला नाही आणि टळला नाही तर वाहून नेणाऱ्याला आहे, हा हिशेब आधी बदलायला हवा. तोवर हे चांगले काम एखाद्या गावाच्या उदारपणावरच तगून राहील.